थोराची काकवी

किर्कवॉलच्या धक्क्यावरच्या आमच्या बोटींच्या ऑफिसात फोन करून कोणी विचारलं, "आज बोट सुटणार का हो?" की पलीकडून आवाज यायचा, "बोट सुटेल. तुम्ही अंथरुणातून सुटलात का ते आधी सांगा." हा थोरा फौबिस्टरचा आवाज. वारा उठला की ऑर्कनी द्वीपसमूहातल्या उत्तरेकडच्या बेटांवरची माणसं खिडकीबाहेर नंतर बघतात, आधी थोराला फोन करतात. कोणाला आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं असतं, कोणाची वासरं बाजारात चाललेली असतात. थोरा सगळ्यांना शिव्या घालते आणि सगळ्यांची सोयही लावून देते. तिच्या शेजारची खुर्ची माझी. नवऱ्याच्या नोकरीपायी मी साताऱ्याहून इथे आले तेव्हा शैला होते. थोराने पहिल्याच दिवशी माझं "शीला" करून टाकलं आणि विषय मिटवला. त्याला आता तीस वर्षं होतील.

थोराला एमएस आहे, मल्टिपल स्क्लेरोसिस. आमच्या या बेटांवर हा आजार जगात जवळजवळ सगळ्यात जास्त. का, ते अजून कोणाला धड सांगता आलेलं नाही. घरात नाही तर शेजारी, कोणी ना कोणी असतंच. त्यामुळे थोराचा डावा पाय ओढला जातो, वाईट दिवस असला की ती काठी सोडून चाकाच्या खुर्चीत येते, हीटर जरा जास्त झाला की तिचं सगळं अंग गळून जातं, याचं इथे कोणाला नवल नाही. दमली की तिचं सगळं बंद पडतं, फक्त तोंड तेवढं चालू राहतं. कधी नव्हे ते ती गप्प बसली, तर समजायचं की काहीतरी भलतंच घडलंय. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एकतिसाव्या वर्षी तिला हा आजार असल्याचं कळलं, तेव्हा तिचं लग्न ठरलेलं होतं. आणि इथे लग्न ठरलं की काळं करतात. आपली हळद असते ना, तसलंच काहीतरी समजा, फक्त ही हळद लावायला दुश्मन आल्यासारखे येतात. मित्रमंडळी नवरा-नवरीला घरातून उचलतात, लॉरीवर घालतात, डोक्यावर काकवी ओततात, वरून पीठ, पिसं, हाताला लागेल ते. मग पिंपं बडवत गावभर वरात. शेवटी कॅथीड्रलसमोरच्या दगडी खांबाला प्लॅस्टिकने गुंडाळून उभं करायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याने हसायचं. तरुणपणी या असल्या कामात थोरा म्हणजे सरदार. जीमो इस्बिस्टर म्हणून आमचा एक शेतकरी आहे, चांगला आडदांड. त्याच्या लग्नाच्या वेळी थोराने काकवीत माशांची आतडी कालवली होती. त्याची बायको सांगते, लग्नाच्या फोटोतसुद्धा त्याच्याभोवती दोन हात जागा मोकळी दिसते.

तर थोराची पाळी आली. जीमोने सूड उगवायचा म्हणून गाईंच्या खाद्यातली काकवी पिंपभर बाजूला काढून ठेवली. शनिवारी काळं व्हायचं, आणि त्याआधीच्या मंगळवारी समुद्रापलीकडच्या अ‍ॅबर्डीनच्या डॉक्टरांनी तिला आजाराचं नाव सांगितलं. ती परत आली आणि तिने अंगठी काढून त्या मुलाच्या हातात ठेवली. "त्याने मोडलं नाही गं," तिने मला पुढे एकदा सांगितलं. "तो गरीब बिचारा उभाच होता. मीच मोडलं. मला वाटलं, पायच नाहीत तर नाचायचं कशाला." पिंपभर काकवी जीमोच्या गाईंनी खाल्ली. त्यानंतर थोराने गावातल्या किती पोरा-पोरींना काळं केलं असेल! स्वतःच्या भाचीला, इंगाला, तर नर्सच्या युनिफॉर्ममध्ये उचलली. पण स्वतः मात्र कोरडी राहिली.

मग आला एडविन हार्कस. हा शेवंडं, म्हणजे लॉब्स्टर, पकडणारा कोळी. बायको जाऊन आठ-नऊ वर्षं झालेली, बोलायला इतका सावकाश की त्याचं वाक्य संपेपर्यंत चहा निवतो. तो रोज सकाळी ऑफिसच्या खिडकीशी यायचा आणि विचारायचा, "थोरा, बोट... आहे का आज?" थोरा वैतागून वेळ सांगायची. आणि या माणसाची स्वतःची बोट होती! धक्क्यालाच बांधलेली! त्याला आमच्या बोटीच्या वेळा हव्यात कशाला? आम्हा सगळ्यांना हे आठवड्यात कळलं. थोराला दोन वर्षं लागली. एके दिवशी ती एकदम म्हणाली, "ए शीला, या मेल्याला बोट असून हा रोज काय विचारतो?" मी कपाळाला हात लावला.

गेल्या वसंतात लग्न ठरलं. थोरा छप्पन्न, एडविन साठ. सगळं गाव खूश. जूनमधली तारीख धरली, हॉल ठरला, फिडल वाजवणारे ठरले. आणि काळं करायचं नाव कोणी काढेना.

आता यात एक गोम आहे. आपलं काळं करा असं आपण होऊन म्हणायचं नसतं. ते फार हलकं दिसतं. नवरीने आपलं घाबरून राहायचं, दाराला कडी घालायची, आणि उचलायला आले की आकाशपाताळ एक करायचं: माझं डोकं दुखतंय, मला ताप आहे, माझी मावशी वारली. जितक्या थापा मोठ्या तितकी नवरी झकास. पण हे सगळं कोणी आलं तर ना!

मी बघत होते. तीन शनिवार झाले, थोरा घरात तिचा सगळ्यात जुना, कोपरावर फाटलेला बॉयलर सूट घालून बसलेली. चौथ्या शनिवारी मी केक घेऊन गेले तर परत तोच अवतार, आणि डोक्याला रुमाल. म्हटलं, "काय गं, मोटार दुरुस्त करतेस का?" ती म्हणाली, "थंडी वाजते." बाहेर लख्ख ऊन! तिच्या दाराला कडीसुद्धा लावलेली नव्हती.  छप्पन्न वर्षांची बाई, दारं उघडी टाकून, कोणीतरी येऊन आपली फजिती करेल म्हणून वाट बघत बसलेली.

त्या दिवशी आणखी एक गोष्ट माझ्या नजरेला पडली. केक कापताना तिने मध्येच सुरी ठेवली, टेबलाची कड घट्ट धरली आणि डोळे मिटले. "काय झालं?" "काही नाही. ब्रेसियर घट्ट होतेय. लग्नाआधी खाणं कमी करायला हवं." आणि लगेच केकचा दुसरा तुकडा उचलला. ऑफिसातही असं एकदोनदा झालं होतं. मी हसण्यावारी नेलं.

त्या संध्याकाळी मी तडक जीमोच्या गोठ्यावर गेले. तिथे मंडळी जमलेलीच होती, आणि जीमो समजूतदार चेहरा करून सांगत होता, "नको रे. आजारी बाई आहे. लॉरीवर धक्के बसतील. आपण तिला एखादी छान भेट देऊ, घोंगडीबिंगडी." माझं टाळकंच सरकलं.

"घोंगडी? जीमो, तुझ्या अंगाला वर्षभर माशांचा वास येत होता तो विसरलास?"

"अगं पण शीला, तिची तब्येत..."

"तब्येत गेली खड्ड्यात! ती चार शनिवार फाटका बॉयलर सूट घालून बसतेय. दार सताड उघडं टाकून. तुम्ही सगळे मिळून तिला जिवंतपणी घोंगडीत गुंडाळताय."

 एक गाय तेवढी रवंथ करत होती. जीमोने टोपी काढली, डोकं खाजवलं, परत टोपी घातली आणि म्हणाला, "काकवी किती लागेल?"

पुढच्या शनिवारी दुपारी आम्ही गेलो. जीमोने लॉरीवर खुर्ची ठोकून पक्की केली होती, खाली गवताच्या गाद्या, बाजूला थंड पाण्याच्या बाटल्या, कारण उकडलं की तिचं अवसान जातं. एडविनला आधीच धक्क्यावरून उचलला होता. तो काकवीत न्हाऊन निमूट बसला होता, पिसं लावलेली, एखाद्या ओल्या कोंबड्यासारखा. आम्ही थोराच्या दारात पिंपं बडवायला सुरुवात केली आणि आतून जी किंकाळी आली! अशी आनंदाची किंकाळी मी जन्मात ऐकली नव्हती.

"सोडा रे मुडद्यांनो! मी आजारी बाई आहे! माझा पाय लाकडाचा आहे! एडविनची आई आत्ताच वारली!" एडविनची आई जाऊन वीस वर्षं झाली होती. चौघांनी तिला उचलली, ती काठीने एकेकाला झोडपत होती. लॉरीवर बसवली, जीमोने पिंप कलंडवलं आणि काकवी तिच्या कपाळावरून हळूहळू खाली उतरली. तिने जीभ बाहेर काढून चाटली आणि म्हणाली, "जीमो, गाढवा, ही तर शिळी आहे!" मी वरून पीठ ओतलं. मग दोघांना मिळून प्लॅस्टिकचे दोन-तीन वेढे दिले आणि निघालो.

वरात गावात शिरली. दुकानांतून माणसं बाहेर आली. मी लॉरीच्या मागच्या फळीवर बसून मोठ्या लोखंडी डावाने पिंप बडवत होते. थोरा शिव्यांची बरसात करत होती, प्रत्येकाला नावानिशी. बेकरीवाल्याला, पोस्टमास्तरला, कॅथीड्रलच्या पाद्रीबुवांना. आणि मग, कॅथीड्रलच्या अलीकडच्या वळणावर, शिव्या थांबल्या.

आम्हाला कळलंच नाही. एवढा गोंगाट. एडविनला कळलं, कारण तो तिला बांधलेला. तो ओरडला, "थांबवा! तिला काहीतरी होतंय!" उभ्या आयुष्यात तो इतक्या झटपट बोलला नसेल. आणि आम्ही काय केलं? हसलो! नवरदेव असं ओरडतातच. जीमो केबिनच्या खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "हो, हो! आणि तुझ्या आजीला बाळ झालंय!" सगळे खदाखदा हसले, पिंपं आणखी जोरात बडवली. एडविन जितका ओरडे तितके आम्ही जोरात.

मी मागे वळून पाहिलं. काकवीतून तिचे ओठ पांढरे दिसत होते. पीठ असेल, मला वाटलं. तेवढ्यात तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "शीला, प्लीज."

थोरा प्लीज म्हणाली! तीस वर्षांत मला, जीमोला, बोटीच्या कप्तानाला, खुद्द पाद्रीबुवांना ती कधी प्लीज म्हणाली नव्हती. माझ्या हातातला डाव खाली पडला. मी एवढ्या मोठ्याने किंचाळले की सगळी पिंपं एकदम थांबली. "छातीत," ती म्हणाली. "पट्टा आवळल्यासारखं."

जीमोने लॉरी थांबवली, मागे चढून कात्रीने एका झटक्यात प्लॅस्टिक कापलं. हॉस्पिटल तिथून तीन मिनिटांवर, लॉरी तशीच तिकडे वळवली. तिचे वडील सत्तावन्नाव्या वर्षी गोठ्यात दूध काढता काढता छातीत दुखून गेले होते, हे त्या लॉरीवरच्या प्रत्येकाला माहीत होतं.  एडविन तिचा चिकट हात आपल्या चिकट हातात धरून बसला होता.

ड्यूटीवर नेमकी इंगा, तिची भाची. आणि डॉक्टर म्हणजे दक्षिणेकडून नुकतीच आलेली एक तरुण बाई, डॉक्टर ग्रँट. तिने स्ट्रेचरवर ते काळं, पिसांचं, पिठाचं प्रकरण पाहिलं आणि दोन पावलं मागे सरकली.

"अपघात कसा झाला?"

"अपघात नाही," इंगा म्हणाली, "लग्न आहे."

हृदयाचा आलेख काढायचा तर छातीला त्या गोल चकत्या चिकटवाव्या लागतात. आता काकवीवर काय चिकटणार? एक चिकटवली की दुसरी घसरायची. डॉक्टर बाईंनी स्पिरिट लावलं, पुसलं, परत लावलं. त्यांच्या कोपरापर्यंत काकवी, केसांत पिसं. इंगा धावत जाऊन स्वयंपाकघरातून भांडी घासायचा साबण आणि गरम पाणी घेऊन आली. "आत्या, माझ्या वेळी तू युनिफॉर्मवर ओतलीस ना, तो पाच वेळा धुवावा लागला होता. याच साबणाने निघाली." थोरा दात आवळून पडली होती, पण एवढं ऐकून तिच्या ओठाचा कोपरा हलला. मला कुठे जरा धीर आला.

छाती धुतली, चकत्या चिकटल्या, आलेख निघाला. मग रक्त घेतलं, छातीचा फोटो काढला. डॉक्टर म्हणाल्या, पहिलं रक्त ठीक दिसतंय, पण काही तासांनी परत एकदा बघायचं, त्याशिवाय सोडणार नाही. माणसाच्या हृदयाला इजा झाली असेल तर कधी कधी ती रक्तात उशिरा दिसते म्हणे. मग काय, बसा.

एडविन बाहेर व्हरांड्यात प्लॅस्टिकच्या कागदावर बसला होता. इंगाने त्याला आंघोळीची खोली दाखवली. तो म्हणाला, "नको. आम्ही... बरोबर काळे झालो. बरोबरच धुऊ." आणि तसाच बसून राहिला. काकवी वाळत चालली होती, माश्या येत होत्या, तो हलला नाही.

आत पडद्याआड मी थोराजवळ बसले. दुखणं बरंच उतरलं होतं. मी म्हटलं, "खरं सांग, हे आजचंच का?"

ती छताकडे बघत राहिली. "दीड महिना झाला असेल."

"काय? आणि तू मला ब्रेसियरच्या गोष्टी सांगत होतीस?"

"ओरडू नको गं."

"का ओरडू नको? तुझा बाप कशाने गेला? अक्कल गहाण टाकलीस का?"

तिने डोळे पुसायला हात वर केला आणि डोळ्यात आणखी काकवी गेली. "शीला, पाय जड झाला असं म्हटलं तर लोक खुर्ची पुढे करतात. हात थरथरतो म्हटलं तर कप अर्धाच भरतात. ठीक आहे. माझी तक्रार नाही. पण छातीत दुखतंय म्हटलं असतं, तर तुमच्यापैकी एकजण तरी लॉरी घेऊन आला असता का? सांग ना. मग पुढची वीस वर्षं हळू हं, थोरा, सावकाश हं, थोरा. मला एक दिवस हवा होता गं. एकच दिवस, ज्या दिवशी कोणी मला हळू हं म्हणणार नाही. मग मी मरायलाही तयार होते."

"मेलीस तर लग्न कोण करणार? मी?"

"तू एडविनचं वाक्य संपेपर्यंत थांबणार नाहीस," ती म्हणाली. मग आम्ही दोघी हसलो, आणि मग रडलो. खरं सांगायचं तर दोन्ही एकदमच.

संध्याकाळी सातच्या सुमाराला डॉक्टर आल्या. आमच्याकडे जूनमध्ये सातला भर दुपार असते, खिडकीतून ऊन येत होतं. त्या स्टूल ओढून बसल्या. म्हणाल्या, "दुसरं रक्तही चांगलं आलंय. हृदय ठीक, फुप्फुसं ठीक. तुमच्या आजारात बरगड्यांमधले स्नायू असे आवळले जातात, छातीभोवती पट्टा बसल्यासारखं होतं. ते हेच असावं. पण मी 'असावं' म्हणतेय, 'आहे' म्हणत नाही. शंभर टक्के कारण मला आज सांगता येणार नाही. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना मी आजच कळवते, ते औषध बघतील."

"म्हणजे परत होऊ शकतं?" थोराने विचारलं.

"होऊ शकतं. आणि झालं तर परत यायचं. हे जुनंच असेल असं मनाशी ठरवून घरी बसायचं नाही. दर वेळी यायचं."

"काकवीसकट?"

डॉक्टर बाईंनी आपल्या बाहीकडे पाहिलं. "काकवीसकट," त्या म्हणाल्या.

मी बाहेर पळाले. गाडीतळावर आमची सगळी मंडळी तशीच उभी होती. मी ओरडून सांगितलं, "हृदय ठीक आहे!" आणि तिथे जो जल्लोष झाला, त्याने वॉर्डातले पेशंट खिडकीशी आले. जीमो लॉरीच्या चाकाशी खाली बसला आणि टोपीत तोंड खुपसून राहिला.

पण मग मी लॉरी पाहिली. त्यांनी तेवढ्या वेळात ती पाइपने स्वच्छ धुऊन काढली होती. पिसं झाडली होती, पिंपं बांधून ठेवली होती. आणि जीमोच्या हातात होती एक नवीकोरी, निळी, घडीची घोंगडी.

इंगाने थोराला चाकाच्या खुर्चीतून दारात आणलं. मागून एडविन, डोक्यापासून पायापर्यंत काळा. आणि पुढे थोरा. छाती, गळा, तोंड धुऊन लख्ख, फक्त कानामागे काळं राहिलेलं. अर्धीमुर्धी नवरी. सगळे एकदम मऊ झाले. "आलीस का गं?" "बरं वाटतंय ना?" जीमो पुढे झाला, घोंगडी उलगडली, तिच्या मांडीवर घातली, कडा नीट खोचल्या. आणि म्हणाला, "हळू हं, थोरा."

थोराने घोंगडीवर हात ठेवला. चेहऱ्यावर काही नाही. म्हणाली, "थँक यू, जीमो."

 एका दिवसात दुसऱ्यांदा सभ्य शब्द! मला राहवेना. मी जीमोची बाही धरून त्याला लॉरीमागे ओढला.

"ती दीड महिना छातीत दुखतंय हे बोलली का नाही, माहितेय? जिवाचं बरंवाईट झालं असतं तरी बोलली नसती. का? या तुझ्या घोंगडीला घाबरून!"

जीमोने माझ्याकडे पाहिलं. मग थोराकडे. मोठा माणूस आहे, त्याच्या डोक्यात गोष्ट शिरायला वेळ लागतो, पण शिरली की मग पुरती शिरते. तो केबिनकडे गेला, सीटखाली हात घातला आणि एक डबा बाहेर काढला. तळाशी उरलेली काकवी होती. तो डबा घेऊन तो दारात उभ्या असलेल्या डॉक्टर बाईंकडे गेला.

"डॉक्टर, काकवीने हृदयाला काही होतं का हो?"

"रोज डबाभर खाल्लीत तर होईल."

"आणि लावली तर?"

डॉक्टर ग्रँटनी थोराकडे पाहिलं. एडविनकडे पाहिलं. मला वाटतं त्या क्षणी ती बाई आमच्यातली झाली. "छातीला काही गुंडाळायचं नाही," त्या म्हणाल्या. "उकडू द्यायचं नाही. लॉरी चालण्याच्या वेगाने. आणि तासाभरात अंथरुणात."

जीमो थोराच्या खुर्चीसमोर आला. त्याने घोंगडी उचलली, घडी केली, माझ्या हातात दिली. मग डब्यात मनगटापर्यंत हात घातला. 

"थोरा," तो म्हणाला, "त्या वेळची तुझी काकवी मी गाईंना घातली. मला वाटलं, आता ती तुला नको असेल. मी विचारायला हवं होतं. ही घे."

आणि त्याने ती मूठभर काकवी तिच्या धुतलेल्या, लख्ख तोंडावर कपाळापासून हनुवटीपर्यंत थापली.

 थोराने डोळे मिटले होते. काकवी नाकावरून ओठावर आली, ती तिने चाटली. मग तिने डोळे उघडले आणि जीमो इस्बिस्टरला, त्याच्या बापाला, त्याच्या गाईंना आणि त्याच्या येणाऱ्या सात पिढ्यांना मिळून अशी एक शिवी हासडली की वरच्या मजल्यावरची एक खिडकी धाडकन बंद झाली. ती शिवी इथे लिहिण्यासारखी नाही. मी तीस वर्षं तिच्या शेजारी बसतेय, तरी मला ती नवी होती.

मग काय! कोणी पीठ आणलं, कोणी उशी फाडली. इंगाने ड्यूटीवर असूनही मूठभर पीठ तिच्या डोक्यावर टाकलं. थोराला खुर्चीसकट लॉरीवर चढवली, एडविन शेजारी बसला आणि रडला तो रडलाच, गालावरच्या काकवीत दोन गोऱ्या रेघा उमटल्या. लॉरी बैलगाडीच्या चालीने निघाली. कॅथीड्रलच्या खांबाला आम्ही तिला बांधलं नाही, नुसती टेकवून उभी केली, एका बाजूने एडविन, दुसऱ्या बाजूने जीमो. तिथून धक्क्यावर गेलो, तर बेटांवरून आलेली संध्याकाळची बोट लागलेली. कप्तानाने तिला पाहिलं आणि भोंगा असा दाबून धरला की समुद्रपक्षी उडाले. थोराने दोन्ही हात वर करून त्यालाही एक शिवी दिली.

घराकडे वळताना मी तिच्या पायाशी बसले होते, डाव हातात घेऊन. बघते तर तिचा हात छातीवर.  मी पिंप बडवायची थांबले.

"दुखतंय का गं?"

तिने आधी एडविनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पिठातून फक्त डोळे दिसत होते.

"आहे थोडं," ती म्हणाली. "मघासारखं नाही. वाढलं तर सांगेन, लगेच सांगेन, शपथ. आता बडव."

मी बडवलं.